भाड्याची गाणी, घरची गाणी

व्यापारी घरात वाढलेल्या मुलाला भाडे आणि मालकी यांतील फरक कोणी शिकवावा लागत नाही. पेठेतील गाळा आपला आहे की भाड्याचा, हे त्याला शाळेत जाण्याआधीच ठाऊक असते. भाड्याच्या गाळ्यातही धंदा उत्तम चालतो. पण त्या गाळ्याच्या तारणावर कर्ज मिळत नाही आणि तो मुलांच्या नावे लिहूनही ठेवता येत नाही. आपल्या येवल्यात तर हा फरक पैठणीच्या रूपाने रोज दिसतो. लग्नापुरती भाड्याने आणलेली पैठणी छायाचित्रात तितकीच शोभून दिसते. परंतु आईची आठवण म्हणून लेकीला मिळते ती कपाटात मलमलीत गुंडाळून ठेवलेलीच.

हा विवेक आपण घर, दुकान, दागिने, वस्त्रे या सर्वांच्या बाबतीत वापरतो. गाण्यांच्या बाबतीत मात्र गेल्या दहा वर्षांत आपण तो सोडून दिला आहे. घरातील तबकड्या, कॅसेट आणि सीडी माळ्यावर गेल्या किंवा भंगारात निघाल्या आणि त्यांच्या जागी मोबाइलवरील ॲपची मासिक वर्गणी आली. हे चांगले की वाईट, असा सरळ प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. कोणती गाणी भाड्याने घ्यावीत आणि कोणती आपल्या मालकीची ठेवावीत, असा प्रश्न विचारावा. बँकेत आयुष्य गेल्यामुळे मी तो हिशेबाच्या अंगाने मांडतो आहे.

वर्गणी ही नवी गोष्ट नव्हे

आज साठीच्या पुढे असलेल्या वाचकांना रेडिओचा परवाना आठवत असेल. घरात रेडिओ ठेवायचा तर टपाल कार्यालयात जाऊन दरवर्षी शुल्क भरावे लागे. ऐंशीच्या दशकात ही पद्धत बंद झाली. म्हणजे संगीत ऐकण्यासाठी वर्षाला ठरावीक रक्कम मोजणे आपल्या आजोबांनाही नवे नव्हते. रेडिओ सिलोन किंवा १९५७ साली सुरू झालेली विविध भारती यांवर गाणी ऐकावयाची आणि त्यांतील एखादे मनात घर करून राहिले की मग पैसे साठवून त्याची तबकडी विकत घ्यावयाची, अशी ती रीत होती. रेडिओ हे ऐकण्याचे खाते होते आणि तबकडी हे राखण्याचे खाते. दोन्ही खाती स्वतंत्र असल्यामुळे कोणाचा गोंधळ होत नसे.

तबकडीचा आपल्या देशातील इतिहास १९०२ साली कोलकात्यात गौहर जान आदी गायिकांच्या ध्वनिमुद्रणांनी सुरू झाला. आरंभी ध्वनिमुद्रण येथे होई, पण तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे छापून येत. १९०८ साली कोलकात्यात कारखाना निघाला, तेव्हा त्या येथेच तयार होऊ लागल्या. लाखेच्या त्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. पुढे एल. पी. आल्या, फिलिप्स कंपनीने १९६३ साली आणलेली कॅसेट ऐंशीच्या दशकात आपल्या घरोघरी पोहोचली, १९८२ साली जगाच्या बाजारात आलेली सीडी त्यानंतर आपल्याकडे आली. साधन बदलत गेले, तरी पैसे देऊन घरी आणलेली वस्तू घरातच राहत असे.

हा बदल मी एका कर्जखात्यातून पाहिला. नव्या शतकाच्या आरंभी एका तालुक्याच्या गावी असताना एका कॅसेट दुकानदाराचे कॅश क्रेडिट खाते आमच्या शाखेत होते. दर महिन्याला येणाऱ्या माल-विवरणपत्रात मालाची किंमत जवळपास तीच असे, खात्यातील भरणा मात्र घटत चालला होता. प्रत्यक्ष पाहणीस गेलो तेव्हा फळ्या भरलेल्या होत्या आणि गिऱ्हाईक शंभर गाण्यांच्या एका एमपीथ्री सीडीसाठी शेजारच्या टपरीवर उभे होते. त्या गृहस्थांनी वेळीच मोबाइल रिचार्जचा धंदा सुरू केला, कर्ज फेडले आणि खाते बंद केले. मुंबईत काळा घोडा येथील ‘ऱ्हिदम हाउस’सारखे नावाजलेले दुकानही २०१६ च्या फेब्रुवारीअखेर बंद झाले. व्यापाऱ्याने बाजार ओळखून माल बदलावा, यात काही गैर नाही. पण ज्या घरांनी तो माल विकत घेतला होता, त्यांनी पुढे काय केले, हा वेगळा विषय आहे.

वर्गणीचा ताळेबंद

स्पॉटिफाय ही स्वीडनची कंपनी फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतात आली, तेव्हा तिच्या वैयक्तिक योजनेची वर्गणी महिन्याला ११९ रुपये होती. पुढे योजना आणि दर बदलत गेले. हिशेबापुरता तोच आकडा धरू. वर्षाचे १,४२८ रुपये होतात. दर न वाढता वीस वर्षे भरल्यास २८,५६० रुपये. हीच रक्कम दरमहा सहा टक्के व्याजाने आवर्ती ठेवीत टाकली असती, तर वीस वर्षांअखेर सुमारे ५५ हजार रुपये हाती आले असते.

हा आकडा घाबरविण्यासाठी दिलेला नाही. कोट्यवधी गाण्यांच्या भांडारासाठी दिवसाला चार रुपये ही रक्कम महाग नव्हे. तेवढ्यात पेठेत चहाही मिळत नाही. मुद्दा रकमेचा नसून खतावणीचा आहे. तबकडी विकत घेणे हा भांडवली खर्च होता, त्याची वस्तू ताळेबंदात शिल्लक राही. वर्गणी हा महसुली खर्च आहे. वीस वर्षे नियमित भरून एकविसाव्या वर्षी थांबल्यास हाती एकही गाणे उरत नाही. वर्गणी असेपर्यंत उतरवून घेतलेली गाणीही त्या ॲपच्या कुलपातच असतात. वर्गणी संपली की ती वाजत नाहीत.

येथे बँकेशी संबंधित एक सूचना करावीशी वाटते. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार, कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या अशा रकमेची पूर्वसूचना किमान चोवीस तास आधी ग्राहकाला मिळाली पाहिजे आणि त्याला ती परवानगी रद्द करता आली पाहिजे. तथापि, ठरावीक मर्यादेपर्यंतच्या रकमेसाठी दर वेळी ओटीपी लागत नाही. २०२२ पासून ही मर्यादा १५,००० रुपये आहे. त्यामुळे लहान वर्गण्या वर्षानुवर्षे नकळत कापल्या जातात. एकाच घरात वडील, मुलगा आणि सून यांच्या तीन स्वतंत्र वर्गण्या असणे दुर्मीळ नाही. वर्षातून एकदा पासबुक समोर ठेवून अशा सर्व परवानग्या तपासाव्यात आणि शक्य असेल तेथे एक कौटुंबिक योजना घ्यावी.

मालक कोण आणि वारस कोण

भाडेकरार वाचूनच गाळा घ्यावा, हे आपण जाणतो. गाण्यांच्या ॲपचा करार मात्र कोणी वाचत नाही. त्याचा अर्थ सोप्या शब्दांत असा, की कंपनी आपल्याला गाणे विकत नाही, ऐकण्याची तात्पुरती परवानगी देते. आणि ती परवानगी मूळ हक्कधारकाने कंपनीला दिलेल्या परवानगीवर अवलंबून असते. आपण पोटभाडेकरू आहोत. घरमालक आणि भाडेकरू यांचे बिनसले, की पोटभाडेकरूला आपोआप बाहेर पडावे लागते.

असे प्रत्यक्ष घडलेले आहे. एच. एम. व्ही. च्या जुन्या भांडाराचे हक्क आज सारेगामा कंपनीकडे आहेत. तिचा आणि स्पॉटिफायचा करार न जुळल्यामुळे प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि एप्रिल २०१९ मध्ये स्पॉटिफायने सारेगामाची गाणी दहा दिवसांत काढून घेण्याचे मान्य केले. दोघांत करार होण्यास २०२० साल उजाडले. तोपर्यंत जुन्या गाण्यांचा फार मोठा साठा त्या वर्गणीदारांना उपलब्ध नव्हता. मार्च २०२३ मध्ये झी म्युझिकच्या बाबतीत तसेच झाले. करार संपला आणि अनेक नव्या चित्रपटांची गाणी काही काळ एकाएकी नाहीशी झाली. वर्गणीदाराचा दोन्ही वेळी काही दोष नव्हता.

कधी सेवाच गुंडाळली जाते. एअरटेलने २०१४ साली सुरू केलेले ‘विंक’ २०२४ मध्ये बंद करण्याचे जाहीर केले; ‘गाना’ने २०२२ मध्ये विनामूल्य ऐकण्याची सोय थांबविली. वर्षानुवर्षे आवडीने जुळविलेल्या याद्या अशा वेळी आपल्या हातून जातात.

याच्या शेजारी एक जुने उदाहरण ठेवून पाहावे. मुंबईत १९३५ च्या सुमारास ‘यंग इंडिया’ या नावाने तबकड्या काढणारी एक स्वदेशी कंपनी निघाली आणि पन्नासच्या दशकात ती बंद पडली. कंपनी गेली, कारखाना गेला. परंतु लोकांच्या घरातील तिच्या तबकड्या राहिल्या. १९९० साली मुंबईत स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेने आणि डॉ. सुरेश चांदवणकर यांच्यासारख्या संग्राहकांनी अशा तबकड्या शोधल्या, ऐकविल्या आणि ‘द रेकॉर्ड न्यूज’ या आपल्या पत्रिकेतून त्यांचा इतिहास नोंदविला. कंपनी बुडाली तरी गाणे वाचले, कारण ते हजारो घरांत विखुरलेले होते.

या दोन टोकांच्या मध्ये आणखी एक उदाहरण आहे. फ्लिपकार्टने २०१२ साली ‘फ्लाइट’ नावाचे गाण्यांचे दुकान इंटरनेटवर काढले होते. तेथे गाणी थोड्या रुपयांत, कुलूप नसलेल्या एमपीथ्री स्वरूपात कायमची विकत मिळत. २०१३ च्या जूनमध्ये ते बंद झाले आणि घेतलेली गाणी उतरवून घेण्यास ग्राहकांना काही आठवड्यांची मुदत मिळाली. ज्यांनी ती आपल्या संगणकात उतरवून घेतली, त्यांची ती आजही वाजतात. ज्यांनी ती दुकानाच्याच फळीवर ठेवली, त्यांची पावती तेवढी उरली. पैसे भरल्याने मालकी मिळते. माल ताब्यात घेतल्याने ती टिकते.

बँकेत नामनिर्देशनाचा अर्ज भरून घेताना आम्ही एक प्रश्न आवर्जून विचारत असू : आपल्या पश्चात हे कोणाकडे जावे? हाच प्रश्न ॲपला विचारून पाहावा. ॲपल कंपनीने ग्राहकाच्या पश्चात त्याची छायाचित्रे, टिपणे इत्यादी पाहता यावीत म्हणून ‘वारस संपर्क’ नेमण्याची सोय केली आहे. परंतु परवान्यावर घेतलेली गाणी, चित्रपट, पुस्तके आणि वर्गण्या तीतून स्पष्टपणे वगळल्या आहेत. वडिलांच्या तबकड्यांची पेटी मुलाकडे येते. वडिलांची वर्गणी मात्र त्यांच्याबरोबरच संपते.

वर्गणीची जमेची बाजू

एकच बाजू मांडणे हिशेबाला धरून होणार नाही. वर्गणीचे लाभ खरे आहेत. ज्या ध्वनिमुद्रणासाठी पूर्वी मुंबई-पुण्याची दुकाने धुंडाळावी लागत, ते आज येवल्यात बसून क्षणात ऐकता येते. संक्रांतीच्या तीन दिवसांत आपल्या गच्चीगच्चीवर जी गाणी वाजतात, ती पुढील वर्षी कोणाला आठवतही नाहीत. ती विकत घेऊन साठविण्याचे काहीच कारण नाही. परगावी शिकणाऱ्या नातीला नवी गाणी हवी असतात आणि ती तिने वर्गणीवर ऐकावीत, हेच योग्य.

मालकीलाही खर्च असतो. तबकडी फुटते, सीडीवर ओरखडे पडतात, कॅसेटच्या फितीला पावसाळ्यात बुरशी लागते आणि ती वाजविणारी यंत्रे दुरुस्त करणारे कारागीर कमी होत आहेत. वस्तूंचा ढीग करून त्यांतच जीव गुंतविणे हा आपल्या विचारानेही दोषच आहे. म्हणून सर्व काही साठवावे, असे मी म्हणणार नाही. जे साठवावे ते थोडे आणि निवडक असावे.

ज्यांना इंटरनेट नको पण गाणी हवीत, अशा ज्येष्ठांसाठी सारेगामाने २०१७ मध्ये ‘कारवाँ’ हा पाच हजार गाणी भरलेला रेडिओसारखा डबा आणला. तो लोकप्रिय झाला, यातच विकत घेतलेल्या वस्तूची ओढ किती आहे हे दिसते. तथापि निवड कंपनीची असते आणि गाणी त्या यंत्राच्या आयुष्याला बांधलेली असतात.

निवडीचा प्रश्न वाटतो त्याहून मोठा आहे. गीतरामायण १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून वर्षभर प्रसारित झाले. ग. दि. माडगूळकरांची ती छप्पन्न गीते सुधीर फडके यांनी स्वरबद्ध केली. मूळ प्रसारणात ती माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे आदी निरनिराळ्या गायक-गायिकांनी गायिली होती. पुढे घरोघरी पोहोचल्या त्या फडके यांच्या स्वरांतील ध्वनिमुद्रिका. आज ॲपवर शोधले असता याच गीतांची कितीतरी नवी गायने समोर येतात. नाव तेच, शब्द तेच, आवाज वेगळा. आपल्या मनातील आवाज कोणता, हे यंत्राला ठाऊक नसते. तो हवा असेल, तर तो आपण ओळखून ठेवला पाहिजे.

कलावंतांचाही विचार करावा. २०१२ च्या कायदादुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना मानधनातील वाट्याचा हक्क दिला, ही चांगली गोष्ट झाली. परंतु २०२४ पासून स्पॉटिफायवर एखादे ध्वनिमुद्रण बारा महिन्यांत किमान एक हजार वेळा ऐकले गेले नाही, तर त्याच्या ध्वनिमुद्रणाचे मानधन मिळत नाही. एखाद्या गावातील गायिकेचे स्तवन आठशे वेळा ऐकले गेले, तरी तिच्या पदरी शून्य. तिची सीडी किंवा ध्वनिफीत थेट विकत घेतली, तर तिला काही मिळते.

याच ओघात एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मोबाइलच्या दुकानातून मेमरी कार्डात किंवा पेन ड्राइव्हमध्ये हजारो गाणी ‘भरून’ घेणे ही मालकी नव्हे. ती दुसऱ्याच्या मालाची उचल आहे. कायदा तिला परवानगी देत नाही आणि अचौर्याचे व्रत मानणाऱ्या घराला ती शोभतही नाही. स्वतः विकत घेतलेल्या कॅसेटची आपल्या खासगी वापरासाठी प्रत करणे मात्र वेगळे. त्यासाठी प्रताधिकार कायद्यात रास्त वापराची सवलत आहे.

जे कोणत्याच ॲपवर नाही

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. चित्रपटगीते आज ना उद्या कोठेतरी मिळतीलच. आपल्या माळ्यावरील पेटीत मात्र काही कॅसेट अशा असतात, की ज्यांची जगात दुसरी प्रत नाही. ऐंशी-नव्वदच्या दशकात घरात टेपरेकॉर्डर आले, तेव्हा अनेक कुटुंबांनी सहज म्हणून काही आवाज भरून ठेवले. लग्नाच्या आदल्या रात्री आजी, काकी, आत्या यांनी एकत्र बसून म्हटलेली बन्ना-बन्नीची गाणी, चातुर्मासातील एखादे प्रवचन, पहाटे आजोबांनी म्हटलेले स्तोत्र, बाळाचे पहिले बोबडे बोल.

मारवाडी वा गुजराती बोलीतील ती लग्नगीते कोणत्याही पुस्तकात त्याच चालीने सापडणार नाहीत. ती मुखोद्गत असलेल्या स्त्रिया आज ऐंशीच्या घरात आहेत. अनेक जणी गेल्या. त्यांच्या सुनांना दोन ओळी येतात, नातींना एकही नाही. ही गाणी कोणा कंपनीच्या भांडारात नाहीत आणि कधी असणारही नाहीत. तेथे प्रश्न वर्गणी की मालकी असा उरत नाही. आपण ती जपली नाहीत, तर ती संपली.

आणि त्यांना मुदत आहे. चुंबकीय फीत कायम टिकत नाही. तीस-चाळीस वर्षांच्या फितीवरील आवाज मंद होतो, थर सुटू लागतो. त्याहूनही जवळची मुदत माणसांची आहे. कॅसेटवर पाच स्त्रिया गात असतील, तर त्यांतील कोणता आवाज कोणाचा, हे सांगू शकणारे आज घरात एखादेच माणूस असते.

काय करावे

हे काम अवघड नाही आणि महागही नाही. प्रथम पेटी खाली काढून यादी करावी. विकत आणलेल्या कॅसेट एका बाजूला, घरी भरलेल्या दुसऱ्या बाजूला. घरी भरलेल्यांच्या वरच्या कडेला असलेले दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे मोडून टाकावेत, म्हणजे चुकूनही त्यांवर दुसरे काही भरले जात नाही. फितीवर पांढरी बुरशी दिसल्यास ती स्वतः वाजवू नये, जाणकाराकडे द्यावी.

चांगल्या स्थितीतील कॅसेट प्लेअरच्या हेडफोनच्या जागेतून एक साधी तार संगणकाच्या ध्वनी-प्रवेशाला जोडावी. ‘ऑडॅसिटी’ हे विनामूल्य सॉफ्टवेअर कॅसेट वाजत असताना आवाज संगणकात उतरवून घेते. मूळ प्रत डब्ल्यूएव्ही स्वरूपात ठेवावी. साठ मिनिटांच्या कॅसेटला सुमारे ६०० मेगाबाइट जागा लागते. शंभर कॅसेट सुमारे ६० गीगाबाइटमध्ये मावतात. कॅसेट तिच्या स्वतःच्या गतीनेच वाजते, त्यामुळे वेळ लागतो. दर रविवारी एक या प्रमाणे शंभर कॅसेटना दोन वर्षे लागतील. म्हणून घरच्या कॅसेट आधी घ्याव्यात.

प्रत्येक ध्वनिफितीला नाव देताना व्यक्ती, प्रसंग, गाव आणि साल लिहावे. माहीत नसेल तर ज्येष्ठांना ऐकवून विचारावे. ते ऐकताना जे बोलतील, तेही मोबाइलवर भरून घ्यावे. खतावणीत नोंद नसलेला माल आणि नाव नसलेला आवाज यांची गत सारखीच होते.

प्रती तीन असाव्यात : एक घरच्या संगणकात, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक परगावी राहणाऱ्या मुलीकडे किंवा भावाकडे. ज्यांचा बँकेत लॉकर आहे, त्यांनी दागिन्यांशेजारी एक हार्ड डिस्क ठेवण्यास हरकत नाही. मात्र वर्षातून एकदा ती बाहेर काढून वाजवून पाहावी. न उघडलेल्या लॉकरमध्ये काय आहे, हे कोणीच खात्रीने सांगू शकत नाही.

विकत मिळणाऱ्या गाण्यांपैकी घरातील प्रत्येकाने आपापली वीस-पंचवीस निवडावीत, जी आपल्या पश्चातही घरात वाजावीत असे वाटते. ती सीडी, एल. पी. किंवा कुलूप नसलेल्या ध्वनिफितीच्या रूपाने रीतसर विकत घ्यावीत. उरलेल्या सर्व संगीतासाठी वर्गणी खुशाल ठेवावी आणि मनसोक्त ऐकावे.

दिवाळीत वहीपूजनाला सर्व कुटुंब एकत्र येते. यंदा जुन्या वह्यांबरोबर ती कॅसेटची पेटीही माळ्यावरून खाली काढावी आणि घरातील सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीला शेजारी बसवून पहिली कॅसेट लावावी. नावे लिहून घेण्यासाठी एक कोरी वही आधीच जवळ ठेवावी.